‘जो’ आणि ‘तो’ : पालि वाक्यरचनेतील एक सांधा आणि ब्राह्मणवग्गाचा अर्थ

अकोल्यातील एका विहारात वर्षावासाच्या निमित्ताने धम्मपदाचे वाचन चालू होते. पंचवीस वर्ग वाचून झाले आणि सव्विसावा, म्हणजे शेवटचा, वर्ग लागला. ह्या वर्गाचे नाव ‘ब्राह्मणवग्ग’. ते नाव उच्चारताच मागे बसलेल्या एका वयोवृद्ध उपासिकेने आपल्या वऱ्हाडी बोलीत सरळ प्रश्न केला : ‘‘सर, आपन ज्याईच्या जाचातून बाहीर निंघालो, त्याईचंच नाव बुद्धानं ह्या पुस्तकात कायले मोठं केलं?’’

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते इतिहासाचे होते. तत्कालीन समाजात ‘ब्राह्मण’ ह्या शब्दाला प्रतिष्ठा होती, तथागतांनी तो शब्द घेऊन त्याचा अर्थ पालटला, असे आम्ही सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु उपासिकेचे समाधान झाले नाही, हे तिच्या मुद्रेवरून दिसत होते. समाधान न होण्याचे कारण आमच्याच हातात होते. वाचनासाठी आम्ही गाथांचा जो मराठी अर्थ लिहून त्याच्या प्रती वाटल्या होत्या, त्यात ह्या वर्गाचे पालुपद आम्ही ‘त्या ब्राह्मणाला मी श्रेष्ठ मानतो’ असे लिहिले होते. म्हणजे उपासिकेने वाचले ते बरोबरच वाचले होते. आमच्या भाषांतरात तथागत खरोखरच काही ब्राह्मणांना मोठे म्हणत होते. घरी येऊन मूळ पालि पुन्हा पाहिले, तेव्हा ध्यानात आले की चूक शब्दार्थाची नसून वाक्यरचनेची आहे, आणि ती ‘जो’ व ‘तो’ ह्या दोन लहानशा सर्वनामांच्या सांध्यात दडलेली आहे.

प्रस्तुत लेखात ह्या सांध्याचे थोडे सविस्तर विवेचन करावयाचे आहे. विषय व्याकरणाचा असला तरी वाचकांनी बिचकू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पालि व्याकरण आणि पालि शब्दकोश ह्यांसाठी परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात ते साहित्य १९९८ साली प्रकाशित केले आहे. धम्म समजून घ्यावयाचा तर त्याची भाषा समजून घेतली पाहिजे, ही दृष्टी त्या परिश्रमामागे दिसते.

१. दोन वाक्ये, एक सांधा

मराठीत आपण म्हणतो, ‘जो धम्म ऐकतो, तो आनंदतो.’ पालीत हेच वाक्य असे होईल : ‘यो धम्मं सुणाति, सो मोदति.’ येथे दोन वाक्ये आहेत. पहिले वाक्य एका व्यक्तीविषयी काही सांगते, पण ती व्यक्ती कोण हे ठरवीत नाही. ते नुसती जागा रिकामी ठेवते. ती रिकामी जागा म्हणजे ‘यो’, मराठीतील ‘जो’. दुसरे वाक्य त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून आपले विधान पूर्ण करते. ते बोट म्हणजे ‘सो’, मराठीतील ‘तो’. मराठी व्याकरणात पहिल्याला संबंधी सर्वनाम आणि दुसऱ्याला दर्शक सर्वनाम म्हणतात. पालि वैयाकरण दोहोंचीही गणना ‘सब्बनाम’ ह्या एकाच वर्गात करतात.

हे दोन्ही शब्द आपल्याला परके नाहीत. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला. पालीने ‘य’ राखला. म्हणून पालीतील ‘यो’ प्राकृतात ‘जो’ झाला आणि तोच ‘जो’ मराठीत आजही आहे. ‘सो’च्या ठिकाणी मराठीने ‘त’पासून झालेले ‘तो’ हे रूप घेतले. पालीतही प्रथमेच्या एकवचनात पुल्लिंगी ‘सो’ व स्त्रीलिंगी ‘सा’ एवढी रूपे सोडली तर बाकी सर्वत्र ‘त’च आहे : तं, तेन, तस्स, तस्मिं, ते, तेसं. सर्वनामांबरोबर अव्ययांच्या जोड्याही तशाच आल्या. यदा–तदा म्हणजे जेव्हा–तेव्हा. यथा–तथा म्हणजे जसे–तसे. यत्थ–तत्थ म्हणजे जिथे–तिथे. याव–ताव म्हणजे जोवर–तोवर. आपल्या वऱ्हाडीतील जवा–तवा ही जोडीही ह्याच घडणीची आहे.

ही जोडी द्विरुक्तही होते. ‘यं यं दारको पुच्छति, तं तं आचरियो कथेति’ म्हणजे ‘मूल जे जे विचारते, ते ते आचार्य सांगतात.’ मराठीत ही रचना शब्दाला शब्द ठेवून उतरते. ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांना पालीतील हा भाग सोपा जातो, हा आमचा अमरावती व अकोला येथील वर्गांतील नेहमीचा अनुभव आहे. मात्र सोपेपणामुळेच आपण तेथे फारसे थांबत नाही आणि ठेच लागते.

२. विभक्ती स्वतंत्र, लिंग-वचन समान

ह्या सांध्याचा पहिला नियम असा की ‘यो’ व ‘सो’ एकाच व्यक्तीचा निर्देश करीत असल्यामुळे त्यांचे लिंग व वचन समान असते, परंतु विभक्ती मात्र प्रत्येक सर्वनाम आपापल्या वाक्यातून घेते. ‘येन पोत्थकं लिखितं, तस्स पुत्तो आगतो’ म्हणजे ‘ज्याने पुस्तक लिहिले, त्याचा मुलगा आला.’ पहिल्या वाक्यात तो कर्ता असल्यामुळे तृतीया ‘येन’. दुसऱ्यात संबंध दाखवावयाचा असल्यामुळे षष्ठी ‘तस्स’. व्यक्ती एक, कामे दोन.

‘ये धम्मा’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथा ह्या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. अस्सजी थेरांनी सारिपुत्तांना, ते अद्याप परिव्राजक असताना, ही गाथा सांगितली असे विनयातील महावग्ग सांगतो. पुढे ती मातीच्या मुद्रांवर आणि शिलालेखांत ठिकठिकाणी कोरली गेली. तिच्यात आरंभीचा ‘ये’ प्रथमेत आहे, परंतु त्याला उत्तर देणारा शब्द ‘तेसं’ हा षष्ठीत आहे, आणि तो दोनदा येतो : एकदा ‘त्यांचा हेतू’ सांगण्यासाठी आणि एकदा ‘त्यांचा निरोध’ सांगण्यासाठी. एका ‘ये’ला दोन ‘तेसं’ बांधलेले आहेत. हे बांधलेपण दिसले नाही तर हेतू एका गोष्टीचा आणि निरोध दुसऱ्याच गोष्टीचा, असा समज होईल. ज्यांचा हेतू सांगितला त्यांचाच निरोध सांगितला, हे त्या गाथेचे मर्म सर्वनामांनी धरून ठेवले आहे.

कधी कधी उत्तर देणारे सर्वनाम गाळलेलेही असते. आपण दररोज त्रिरत्न वंदनेत भूतकालीन, भावी व वर्तमान बुद्धांना वंदन करणारी गाथा म्हणतो. तिच्यात ‘ये’ हा शब्द तीनदा येतो, पण त्याला जोडून ‘ते’ एकदाही येत नाही. एकदम ‘मी वंदन करतो’ असे क्रियापद येते. कोणाला, हे ऐकणाऱ्याने मनात भरावयाचे असते. मराठी अर्थ सांगताना आपण ‘त्या सर्वांना’ असे घालतो, ते मुळात नसून अध्याहृत आहे. पालि वाचताना ही सवय लावून घ्यावी : ‘य’चे रूप दिसले की ‘त’चे रूप शोधावे, आणि सापडले नाही तर ते कोठे अध्याहृत आहे हे ठरवावे.

३. नाम कोठे बसते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘यो’ आणि ‘सो’ ही सर्वनामे आहेत. त्यांच्या सोबत नाम येऊ शकते. ते नाम कोणत्या बाजूला बसते ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

‘यस्मिं गामे मयं वसाम, सो नगरस्स अविदूरे होति’ म्हणजे ‘ज्या गावात आम्ही राहतो, ते शहराजवळ आहे.’ येथे ‘गाम’ हे नाम ‘य’च्या बाजूला आहे आणि ‘यस्मिं गामे’ असा एक पदसमूह झाला आहे. (पालीत ‘गाम’ पुल्लिंगी असल्यामुळे ‘सो’, मराठीत ‘गाव’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘ते’.) तसेच ‘यो भिक्खु अरञ्ञे वसति, तस्स मयं भोजनं देम’ म्हणजे ‘जो भिक्खू अरण्यात राहतो, त्याला आम्ही भोजन देतो.’ येथे ‘भिक्खु’ हे नाम ‘यो’च्या बाजूला असल्यामुळे निवडीचे क्षेत्र आधीच आखले गेले. विचार भिक्खूंपुरताच आहे. त्यांतील अरण्यवासी तेवढे निवडले आहेत.

पातिमोक्खातील अनेक शिक्षापदांचा आरंभ ‘यो पन भिक्खु’ असा होतो, त्याचे कारण हेच आहे. नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांसाठी नाही; म्हणून ‘भिक्खु’ हे नाम ‘यो’ला लागून बसविले आहे.

आता दुसरे वाक्य पाहा : ‘यो मुसा न भणति, तं मयं पण्डितं वदाम’ म्हणजे ‘जो खोटे बोलत नाही, त्याला आम्ही पंडित म्हणतो.’ येथे ‘यो’ एकटा आहे. त्याच्या सोबत कोणतेही नाम नाही; क्षेत्र आखलेले नाही. ‘पण्डित’ हे नाम आले ते दुसऱ्या वाक्यात, आणि तेही निवडीचे क्षेत्र म्हणून नव्हे, तर निष्कर्ष म्हणून. पंडितांतून कोणाला निवडावयाचे नाही; जो कोणी ही अट पूर्ण करील त्याला ‘पंडित’ हे नाव द्यावयाचे आहे.

नाम ‘यो’ला लागून आले तर ते उंबरठा असते, आतल्यांचीच निवड करते. नाम ‘सो’नंतर विधेय म्हणून आले तर ते उपाधी असते, अट पूर्ण करणाऱ्या कोणालाही मिळते. ह्या दोहोंतील अंतर मोठे आहे.

४. ‘सो पण्डितो’ : पदसमूह की वाक्य?

अडचण अशी की हे अंतर पालीत नेहमी डोळ्यांना दिसत नाही. ‘सो पण्डितो’ ही दोन पदे घ्या. त्यांचा अर्थ ‘तो पंडित’ असाही होईल आणि ‘तो पंडित आहे’ असाही होईल. पालीत ‘होति’ किंवा ‘अत्थि’ हे क्रियापद पुष्कळदा गाळले जाते. ‘सो पण्डितो गामं गच्छति’ ह्यात ‘सो पण्डितो’ हा पदसमूह आहे : ज्याचा उल्लेख मागे आला तो पंडित गावाला जातो. पण ‘यो न कुज्झति, सो पण्डितो’ ह्यात तेच दोन शब्द संपूर्ण वाक्य आहेत : जो रागावत नाही, तो पंडित होय.

कोणता अर्थ घ्यावयाचा ह्याची खूण सोपी आहे. ‘सो पण्डितो’ ह्यांच्या पुढे दुसरे क्रियापद असेल आणि मागे त्या व्यक्तीचा उल्लेख होऊन गेला असेल, तर तो पदसमूह. पुढे क्रियापदच नसेल आणि मागे ‘यो’ची अट असेल, तर ते वाक्य.

सुत्तनिपातातील वसलसुत्तात ‘ब्राह्मण’ हा शब्द असा दोन्ही प्रकारांनी आला आहे, ही लक्षणीय गोष्ट आहे. सुत्ताच्या गद्य भागात अग्गिक भारद्वाज हा ब्राह्मण तथागतांना दुरून येताना पाहून हिणवतो. तेथे ‘ब्राह्मण’ हा निवेदनातील साधा सामाजिक निर्देश आहे. मागे उल्लेख झालेला तो माणूस, एवढाच. परंतु पुढे गाथांमध्ये तथागत उत्तर देतात, तेव्हा ‘वसल’ आणि ‘ब्राह्मण’ हे दोन्ही शब्द विधेयाच्या जागी जातात. कोणी जन्माने वसल होत नाही, जन्माने ब्राह्मण होत नाही. दोन्ही कर्माने होतात, असा तेथील निष्कर्ष आहे. गद्यातील ओळख गाथेत सिद्ध करावयाची गोष्ट बनते.

५. ब्राह्मणवग्गातील ‘तं’

आता धम्मपदाच्या त्या वर्गाकडे वळू. धम्मपदात एकूण ४२३ गाथा आहेत. त्यांतील ३८३ ते ४२३ ह्या ४१ गाथा ब्राह्मणवग्गात येतात. त्यांतील बहुसंख्य गाथांची घडण एकच आहे. आधी ‘यो’, ‘यस्स’ किंवा ‘य’चे दुसरे एखादे रूप घेऊन, अथवा केवळ विशेषणांनी, एखाद्या माणसाचे आचरण सांगितलेले असते. नंतर पालुपद येते. त्यात ‘तं’ आणि ‘ब्राह्मणं’ ही दोन पदे आहेत आणि त्यांच्या मध्ये ‘मी’ व ‘म्हणतो’ ह्या अर्थाची पदे आहेत.

‘तं’ही द्वितीया एकवचन, ‘ब्राह्मणं’ही द्वितीया एकवचन. विभक्ती सारखी असल्यामुळे ‘तं ब्राह्मणं’ हा एक पदसमूह समजण्याचा मोह होतो. आमच्याकडून नेमके हेच झाले. ‘त्या ब्राह्मणाला’ असे आम्ही लिहिले. तसे लिहिल्यावर वाक्य अपुरे राहिले, कारण ‘त्या ब्राह्मणाला मी म्हणतो’ ह्याला काही अर्थ नाही. ते पुरे करण्यासाठी आम्ही ‘श्रेष्ठ’ हा शब्द पदरचा घातला आणि ‘म्हणतो’चे ‘मानतो’ केले. मूळ गाथेत नसलेला शब्द घातल्यावाचून वाक्य उभे राहत नाही, तेव्हा आपला अन्वय चुकला आहे हे ओळखावयास हवे होते.

योग्य अन्वय ‘त्याला मी ब्राह्मण म्हणतो’ असाच आहे. त्याला चार आधार देता येतात.

पहिला आधार क्रियापदाचा. ‘म्हणणे’ ह्या अर्थाचे पालि क्रियापद येथे दोन द्वितीयान्त पदांची अपेक्षा करते : कोणाला म्हणतो, आणि काय म्हणतो. ‘तं’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर, ‘ब्राह्मणं’ हे दुसऱ्याचे.

दुसरा आधार वसलसुत्ताचा. तेथील पालुपद ब्राह्मणवग्गातील पालुपदाच्याच घडणीचे आहे, परंतु त्यात ‘तं’ द्वितीयेत असून ‘वसलो’ प्रथमेत आहे आणि त्याच्या पुढे ‘इति’ आहे. विभक्ती भिन्न असल्यामुळे ‘त्या वसलाला’ असा अर्थ तेथे करताच येत नाही. ‘त्याला वसल असे जाणावे’ असाच होतो. एका पालुपदात जे संदिग्ध वाटते ते दुसऱ्या पालुपदात स्पष्ट झालेले आहे.

तिसरा आधार ३९३व्या गाथेचा. तेथे ज्याच्या ठायी सत्य आणि धम्म आहेत त्याच्याविषयी बोलताना ‘यम्हि’ हे सप्तमीचे रूप येते. त्याला उत्तर म्हणून ‘सो’ दोनदा येतो, एकदा ‘शुद्ध’ ह्या अर्थाच्या शब्दाबरोबर आणि एकदा ‘ब्राह्मणो’बरोबर. ‘तो शुद्ध आहे’ हे जसे वाक्य, तसेच ‘तो ब्राह्मण आहे’ हेही वाक्य. क्रियापद दोहोंतही गाळलेले आहे. त्याच गाथेच्या आरंभी जटा, गोत्र आणि जन्म ह्यांनी ब्राह्मण होत नाही असे सांगितले आहे, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

चौथा आणि निर्णायक आधार ३९६व्या गाथेचा. अमुक मातेच्या उदरी जन्मला एवढ्याने त्याला मी ब्राह्मण म्हणत नाही, असा तिचा आशय आहे. येथून पुढच्या ४२३पर्यंतच्या गाथा वासेट्ठसुत्तातही आहेत. ‘तं ब्राह्मणं’ हा एक पदसमूह मानला तर तथागत आधीच ब्राह्मण असलेल्यांतून चांगले ब्राह्मण निवडीत आहेत असे होईल, आणि जन्माचा निकष पहिल्याच पावलावर मान्य केल्यासारखे होईल. ही गाथा तोच निकष नाकारते. तेव्हा तो अन्वय गाथांच्याच विरोधात जातो.

वासेट्ठसुत्त ज्या वादातून निर्माण झाले तो वादही हाच आहे. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज ह्या दोन तरुणांत मतभेद झाला. दोन्हीकडून सात पिढ्यांची शुद्धी असली म्हणजे ब्राह्मण होतो, असे भारद्वाजाचे म्हणणे. शील आणि आचरण असले म्हणजे ब्राह्मण होतो, असे वासेट्ठाचे. तथागतांनी गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी ह्यांच्यात जन्मतः वेगवेगळी चिन्हे असतात, तशी मनुष्यांत नसतात, असे दाखवून दिले. नंतर त्यांनी आठ उपजीविका सांगितल्या. गोरक्षणावर जगतो तो शेतकरी, शिल्पावर जगतो तो शिल्पी, तसेच व्यापारी, सेवक, चोर, योद्धा, याजक आणि राजा. ह्यांपैकी कोणीही ब्राह्मण नव्हे. पौरोहित्यावर जगणारा तो याजक, ब्राह्मण नव्हे, हे त्यात स्पष्टपणे आले आहे. ह्या आठही ठिकाणी ‘यो’ला ‘कोचि’ जोडलेले आहे आणि क्षेत्र दाखविणारा शब्द आहे ‘मनुस्सेसु’, म्हणजे ‘मनुष्यांमध्ये जो कोणी’. पातिमोक्खात ‘यो’चे क्षेत्र भिक्खू होते, येथे ते मनुष्यमात्र आहे.

६. ‘यो’ म्हणजे कोण?

‘यो’ने मोकळी ठेवलेली जागा खरोखर किती मोकळी आहे, असा प्रश्न कोणी विचारील. सुदैवाने तिपिटकातच ह्या एका शब्दाचे स्पष्टीकरण मिळते.

महानिद्देस हा खुद्दकनिकायातील ग्रंथ सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गावरील प्राचीन भाष्य आहे. कामसुत्तातील एका गाथेत आलेल्या ‘यो’ ह्या शब्दाचा अर्थ सांगताना तो म्हणतो की हा कसाही, कोणत्याही स्थानी असलेला, कोणत्याही गुणांनी युक्त असा असू शकेल. मग तो यादीच देतो : क्षत्रिय असो, ब्राह्मण असो, वैश्य असो, शूद्र असो, गृहस्थ असो वा प्रव्रजित, देव असो वा मनुष्य. एका सर्वनामाचा अर्थ सांगताना भाष्यकाराला चारही वर्णांची नावे घ्यावीशी वाटली. ‘यो’च्या दारातून कोणी आत येऊ नये असे ह्या यादीत काहीच नाही.

विनयातही तसेच आहे. ‘यो पन’ ह्या शब्दांचे विवरण करताना सुत्तविभंग सांगतो की तो भिक्खू कोणत्याही जातीचा, कोणत्याही नावाचा, कोणत्याही गोत्राचा, कशाही शीलाचा, थेर, नवा किंवा मध्यम असा कोणीही असू शकतो. ‘भिक्खु’ ह्या नामाने क्षेत्र आखले. परंतु त्या क्षेत्राच्या आत ‘यो’ने जातीची भिंत राहू दिली नाही. पहिल्या संगीतीत विनयाचे पठण न्हावी कुळात जन्मलेल्या उपालींनी केले, अशी परंपरा आहे. कोणत्याही जातीचा, हे शब्द त्यांच्या मुखातून संघाने ऐकले असे मानले, तर त्या शब्दांचे वजन वेगळे सांगावयास नको.

७. वऱ्हाडीतील ‘ले’

आता आपल्या भाषेकडे येऊ. पालीत ‘तं’ आणि ‘ब्राह्मणं’ ह्या दोन्ही पदांना द्वितीयेचे चिन्ह लागते, म्हणून घोटाळा होतो. मराठीत तसे होत नाही. ‘त्याला ब्राह्मण म्हणतो’ ह्यात ‘ला’ हा प्रत्यय सर्वनामाला आहे आणि नाम प्रत्ययावाचून आहे; ‘त्या ब्राह्मणाला’ ह्यात प्रत्यय नामाला आहे. वऱ्हाडीत ‘त्याले बामन म्हनतो’ आणि ‘त्या बामनाले’ हे दोन प्रयोग ऐकताच कोणाच्याही कानाला निराळे लागतात. पालि जे संदिग्ध ठेवते ते आपली बोली एका ‘ले’च्या जागेने स्पष्ट करते. म्हणून भाषांतर करताना विद्यार्थ्याने आपल्या घरच्या बोलीत वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे, असे आम्ही आता वर्गात सांगतो.

मराठीत ‘जो–तो’ची रचना टाळून धातुसाधिताचा उपयोग करण्याचीही सोय आहे : ‘सत्य बोलणारा माणूस’, ‘काल आलेला पाहुणा’. ही रचना आटोपशीर आहे, परंतु येथे ती जपून वापरावी. ‘सत्य बोलणाऱ्याला ब्राह्मण म्हणतो’ हे बरोबर. ‘सत्य बोलणाऱ्या ब्राह्मणाला’ म्हटले की आमचीच चूक पुन्हा होते. अलीकडे ‘ब्राह्मण तो, जो सत्य बोलतो’ अशी उलटी रचनाही पुष्कळ लिहिली जाते. तिने अर्थ बिघडत नाही, आणि पालीतही ‘सो’ आधी येऊन ‘यो’ मागून येण्याचे प्रयोग आहेत. परंतु ह्या गाथांचा क्रम आधी आचरण, मग नाव, असा आहे. ऐकणाऱ्याने आचरण पूर्ण ऐकावे, मनात तसा माणूस उभा करावा, आणि मगच त्याला नाव मिळावे, ही त्या क्रमातील योजना होय. नाव आधी उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या मनात त्या नावाचा जुना माणूस आधीच येऊन बसतो.

ह्या दृष्टीने त्या उपासिकेचा प्रश्न पुन्हा वाचावा. ‘ज्याईच्या जाचातून निंघालो, त्याईचंच नाव’, हे तिचे वाक्य ‘जो–तो’च्या सांध्यावर अचूक उभे आहे. दोन्ही सर्वनामे षष्ठीत, दोन्ही अनेकवचनी आणि निर्देश एकाच समूहाचा. तिचे व्याकरण निर्दोष होते; आमचे सदोष होते.

पुढील वर्षावासात आम्ही पालुपदाची ती ओळ दुरुस्त करून नव्या प्रती वाटल्या आणि वर वर्णिलेला अन्वय फळ्यावर मांडून दाखविला. उपासिकेने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, ‘‘म्हंजे ते नाव कोनाच्या घरचं नाही. जो तसा वागते, त्याचं.’’ आम्हाला पानभर लिहूनही जे सांगता आले नव्हते, ते तिने ‘जो’ आणि ‘त्याचं’ ह्या दोन शब्दांत सांगितले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पालि ह्या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा एकाच निर्णयाने दिला. ह्या दर्जाचा उपयोग विद्यापीठांतील कामाला होईलच. परंतु विहारात दर आठवड्याला जमणाऱ्या उपासक-उपासिकांच्या वर्गालाही तो व्हावा असे वाटत असेल, तर गाथांचा अर्थ पाठ करण्याबरोबर अन्वय लावण्याचीही सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. गाथा समोर घ्यावी, ‘य’चे रूप हुडकावे, त्याचे ‘त’ शोधावे, दोहोंची विभक्ती पाहावी आणि शेवटी विचारावे की नाम कोणत्या बाजूला बसले आहे. ब्राह्मणवग्गाच्या ४१ गाथा ह्या रीतीने एकेक करून वाचल्या, तर त्या वर्गाच्या नावाने दचकण्याचे कारण उरणार नाही.